पोचअक्का

‘बरं आहे’ हे उत्तर त्या बाईंना चालत नसे. सकाळी शिपायानं नमस्कार केला आणि त्यांनी ‘कसं हाय?’ विचारलं, की त्यानं नीट सांगायचं : गुडघा दुखायलाय, बायको रुसलीय, बाकी ठीक. नुसतं ‘बरं हाय’ म्हटलं की बाई चष्म्यावरून बघत. ‘काय काय बरं हाय? सगळंच? मंग तू देवच झालास की रे.’ बिचारा पुढं पुढं घरूनच एखादं दुखणं ठरवून यायला लागला.

ही गोष्ट बिदरची. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या कचेरीत वरच्या मजल्यावर एक खोली नव्या कॉम्प्युटरला दिली होती आणि गच्चीवर पांढरी छत्री बसवली होती. आमच्या यंत्रातला निरोप त्या छत्रीतून वर उपग्रहाकडं जायचा, तिथून दिल्लीच्या मोठ्या यंत्राकडं, आणि तिथून पुन्हा वर जाऊन दुसऱ्या एखाद्या जिल्ह्याच्या छत्रीत उतरायचा. लोकांना ह्यातलं काही कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही नव्हतं. अख्ख्या इमारतीत गार हवेचं मशीन फक्त त्या खोलीत आहे, एवढं मात्र सगळ्यांना कळत होतं. एप्रिल लागला की साहेबांपासून पाणक्यापर्यंत जो तो ‘जरा कॉम्प्युटर बघावं म्हटलं’ असं म्हणत यायचा, दाराशी चपला काढायचा आणि कॉम्प्युटरकडं पाठ करून गार हवेकडं तोंड करून बसायचा.

मी संतपूरची. आम्ही बौद्ध, आमच्या घरात सरकारी नोकरीत शिरलेली मी पहिली. टायपिंग येत होतं म्हणून मला ऑपरेटर केलं आणि ह्या बाईंच्या हाताखाली दिलं. उंच, सडसडीत बाई. सुती साडी आणि वर निळा पुरुषी स्वेटर. तो गार खोलीसाठी असायचा, पण काढायचं भान नसल्यामुळं भर मे महिन्यात त्या बाजारातही तशाच हिंडायच्या. गाव त्यांचं खजुरी, आळंद तालुक्यातलं. शिक्षण बेंगळूरला. लग्न का केलं नाही असं एकदा आमच्या हेडक्लार्कनं विचारलं, तर बाईंनी इतकं सविस्तर, मुद्देसूद उत्तर दिलं की तो माणूस मध्येच उठून पाणी प्यायला गेला. परत कोणी विचारलं नाही. तोंडावर आम्ही त्यांना म्याडम म्हणत असू. पाठीमागं नाव होतं पोचअक्का, कारण दिलेल्या प्रत्येक निरोपाची त्यांना पोच लागायची. काम झालं तरी सांगा, नाही झालं तरी सांगा. नाही झालं तर आधी सांगा.

आता आमच्या भागात तोंडावर ‘नाही’ म्हणायची रीतच नाही, हो. सुताराला विचारा, ‘दार झालं का?’ तर ‘झालंच की.’ म्हणजे अजून लाकूड आणलेलं नाही. दुकानात माल नसला तर ‘उद्या या.’ आणि वाईट बातमी तर कुणी सरळ सांगतच नाही. माणूस गेलेला असतो आणि तार येते, ‘तब्येत जरा नरम, निघून या.’ ह्यात खोटेपणा नाही, माया आहे. समोरच्याच्या जिवाला घोर नको, एवढंच. पण बाईंना ह्या मायेची भारी चीड होती. त्या बेंगळूरला शिकत असताना त्यांचे वडील गेले. त्यांना अशीच तार गेली. ‘तब्येत नरम’ वाचून बाईंनी परीक्षेचा पेपर संपवला आणि मग निघाल्या. पोचल्या तेव्हा तिसराही उरकला होता. ‘माझ्या बापाला मी बघितलं न्हाई,’ एवढंच त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, भाकरी खाता खाता. ‘भावाला सांगून ठेवलंय, मायच्या बाबतीत असं केलास तर तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई. काय असंल ते सांगायचं. मी येईन.’ आई खजुरीला धाकट्या भावाकडं होती. बाईंचा सगळा जीव त्या एका म्हातारीत होता.

कामावर तर त्यांचं वेगळंच शास्त्र. मी पहिल्या आठवड्यात सांगितलं, ‘म्याडम, निरोप पोचला न्हाई.’

‘पोचला न्हाई म्हंजे काय? गावच सापडलं न्हाई? का गाव सापडलं, घर न्हाई? का घर हाय अन् दार लावलंय? का दार उघडं हाय पण आत घेईनात?’

ह्यातला शेवटचा प्रकार मला कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि मी तसं बोलूनही गेले. बाई म्हणाल्या, ‘तर मग तुला ह्ये काम जमतंय. बाकीच्यांना चारही सारखेच वाटायलेत.’ त्यांनी मला खुर्ची ओढून दिली आणि पडद्यावरचे आकडे समजावले. न पोचण्याचे किती प्रकार, आणि प्रत्येकाला वेगळा आकडा. यंत्र नुसतं ‘नाही’ म्हणत नाही, का नाही ते सांगतं. त्या दिवसापासून मला त्या खोलीची भीती वाटेनाशी झाली.

परदेशातल्या जाळ्यांवरची जाड पुस्तकं त्या मागवून वाचायच्या. आमच्या जाळ्यात तेव्हा त्यातलं सगळं नव्हतं, पण बाईंनी ते कचेरीत लागू केलं. त्या पुस्तकात म्हणे प्रत्येक निरोपाला आयुष्य बांधून दिलेलं असतं. प्रत्येक ठाण्यावर ते थोडं कमी होतं, आणि जिथं संपतं तिथलं ठाणं मागं कळवतं की तुमचा निरोप माझ्यापाशी मेला. नाहीतर वाट चुकलेले निरोप जन्मभर फिरत राहतील. झालं! बाई शिपायाला सांगायला लागल्या, ‘फाईल आवक खात्यात बघ, मंग लेखा खात्यात. तिथंबी न्हाई मिळाली तर तिथनंच माघारी ये अन् कुठं संपलं ते सांग. गावभर हिंडू नको.’ शिपाई आम्हाला म्हणायचा, ‘म्याडमनी माझं आयुष्यच बांधून दिलंय.’

दुसरा नियम असा, की बिघाड कळवणारा निरोपच हरवला तर त्याच्याबद्दल पुन्हा बिघाड कळवायचा नाही. नाहीतर दोन यंत्रं दिवसभर एकमेकांकडं रडत बसतील. हा नियम त्यांनी कचेरीतल्या भांडणांना लावला. दोघीजणी तणतणत आल्या की बाई हात वर करायच्या. ‘तक्रार घेते. तक्रारीची तक्रार घेत न्हाई.’ अर्धी भांडणं तिथंच मिटायची. आणि कुणी लाईन बंद असल्याची बोंब मारली की पहिला प्रश्न ठरलेला : ‘आदी तुझं तुझ्यापत्तोर पोचायलंय का?’ म्हणजे आधी स्वतःच्या यंत्रातून स्वतःच्याच यंत्राला निरोप पाठवून बघायचा. बहुतेक वेळा बिघाड आपल्याच वायरीत असायचा. शंभर कोसांवरच्या माणसाला शिव्या देण्याआधी आपली वायर हलवून बघ, असं त्या म्हणत.

पण त्यांच्या विद्येची मला खरी धडकी भरली ती वेगळ्याच दिवशी. दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या केंद्राकडं आम्ही रोज चार-पाचदा चाचणीचा निरोप पाठवत असू. तिकडच्या यंत्रानं तो जसाच्या तसा परत फेकायचा, म्हणजे वाट चालू आहे हे कळायचं. निरोप रोज परत येत होता, अक्षर न् अक्षर बरोबर. मी खूश. बाई मात्र दोन दिवस पडद्यापुढं हाताची घडी घालून नुसत्या बसून होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘उत्तर मशीन देईना. माणूस द्यायलाय.’

‘कशावरून, म्याडम?’

‘मशीननं दिलं तर वर जाऊन खाली यायला दर डावाला सारखाच वेळ लागायला पायजे. मशीनला घाई न्हाई अन् आळसबी न्हाई. ह्ये उत्तर सकाळी लवकर यायलंय, अकराच्या सुमाराला लई उशिरा यायलंय. मशीन चहाला जात न्हाई.’

त्यांनी तिथं फोन लावला. तिकडचा ऑपरेटर भला माणूस. आधी ‘सगळं वोके’ म्हणाला. बाईंनी विचारलं, ‘आत्ता चहा पिऊन आलात का?’ मग बिचाऱ्यानं कबूल केलं. परत फेकणारी सोय आठवडाभर बंद होती. आमचा निरोप त्याच्या पडद्यावर दिसायचा, आणि तो बसून तसाच्या तसा हातानं टाईप करून आमच्याकडं पाठवायचा. ‘तुमाला बरं वाटावं म्हनून, म्याडम. बाईमाणूस, उगं काळजी करत बसताल.’

‘मला बरं वाटावं म्हनून मी हितं बसले न्हाई,’ बाई म्हणाल्या, पण आवाज चढवला नाही. उलट दुपारभर फोनवर राहून त्याच्याकडून ती सोय दुरुस्त करून घेतली आणि वर कुठं त्याचं नाव कळवलं नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, ‘वाईट माणसाचं खोटं लगेच सापडतंय गं. मायेनं बोललेलं सापडत न्हाई.’ अक्षरं बरोबर, शब्द बरोबर, आणि नुसत्या उशिरावरून बाईंनी शंभर कोसांवरचा माणूस चहा पिताना पकडला होता! माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. दर शनिवारी दुपारी बाई समोरच्या पोस्टातून खजुरीच्या पोस्टात ट्रंककॉल लावायच्या. ठरल्या वेळेला भाऊ तिथं येऊन थांबलेला असायचा, आई सोबत असायची. पण आई फोन हातात धरायची नाही. तिला त्या यंत्राची शिसारी होती. बाई विचारायच्या, ‘माय कशी हाय?’ भाऊ मागं वळून म्हातारीला विचारायचा, म्हातारी मागून ओरडून काहीतरी सांगायची, कोंबडीबद्दल, नाहीतर सुनेनं आमटीत घातलेल्या मिठाबद्दल, आणि भाऊ ते पुढं सांगायचा. मी डबा खायला बाईंसोबतच असायचे, त्यामुळं मला त्या म्हातारीच्या सगळ्या कोंबड्या पाठ होत्या.

त्या शनिवारी फोन झाला. बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि तिथल्याच बाकावर बसल्या. मी विचारलं, ‘काय म्हणाले भाऊ?’

‘बरं हाय म्हणाला.’

‘मग?’

‘लवकर म्हणाला.’ बाई रिसीव्हरकडं बघत होत्या. ‘मी विचारायच्या आत म्हणाला. मागल्या शनवारीबी तसंच. ह्ये उत्तर मायपत्तोर जाऊन आलेलं न्हाई.’

मी म्हटलं, ‘म्याडम, म्हातारी देवळात गेली असंल.’ बाई म्हणाल्या, ‘तोबी तसंच म्हणाला. देवळात गेलीय म्हणाला. मागल्या शनवारी अंघोळीला गेल्ती.’

मला वाटलं, आता पुन्हा फोन लावतील आणि भावाची खरडपट्टी काढतील. तसं काही केलं नाही. भावाला विचारलं असतं तर तो पुन्हा मायेनंच बोलला असता. बाईंनी पुन्हा खजुरीचं पोस्ट मागितलं आणि पोस्टमास्तरला सांगितलं, शेजारच्या गिरणीवाल्याला बोलवा. त्याला ‘माय कशी हाय’ असं विचारलंच नाही. विचारलं, ‘आमचं दळण कोण आणायलंय?’

‘वहिनी आणायलेत की, अक्का.’

दळण दुसऱ्या कुणाच्या हाती न देणारी ती म्हातारी. म्हणजे गिरणीपर्यंत येत नाही. मग बाईंनी शेजारणीला बोलावून घेतलं. ‘दुपारी माय वट्यावर बसती का गं?’

शेजारीण म्हणाली, ‘ऊन लई हाय की, अक्का.’

श्रावण सरत आला होता आणि बाहेर आभाळ भरलेलं होतं. बाईंनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. ‘गाव हाय, घर हाय,’ त्या हळू बोलल्या, ‘वट्यापत्तोर येत न्हाई. आत हाय, उठत न्हाई. चल.’

मी ‘चलू का’ विचारलं नाही की त्यांनी ‘येतेस का’ विचारलं नाही. त्या दिवशीची आळंदची गाडी निघून गेली होती. यंत्र दुसऱ्या ऑपरेटरच्या ताब्यात देऊन दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो. हुमनाबादला गाडी बदलली, पुढं आळंदला बदलली. वाटेत बाई एवढंच एकदा म्हणाल्या, ‘ह्या डावाला मी बघणार.’ तुरीची शेतं मागं पळत होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हातारे, थांब गं जरा.

दारात भाऊ उभा होता. बाईंना बघून त्याच्या हातातली चरवी खाली ठेवायची राहूनच गेली. ‘अक्का? तुला कुणी सांगितलं?’

‘कुणीच न्हाई. त्यावरनंच कळलं.’

‘मायनंच शपथ घातल्ती गं,’ तो रडायलाच लागला. ‘अक्काला कळवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील म्हणली. मी काय करणार? तुझी नोकरी, तू एकटी...’

मला वाटलं होतं, आता भडका उडेल. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ‘डॉक्टर काय म्हणाला ते सांग. सगळं.’ तो त्यांना गोठ्याच्या बाजूला घेऊन गेला आणि त्यानं सांगितलं. पोटात गाठ होती, पसरली होती. सोलापूरच्या डॉक्टरनं हात वर केले होते.

आत म्हातारी खाटेवर होती. हाडं तेवढी उरली होती, पण डोळे टक्क उघडे. उशाशी बाटल्याच बाटल्या. वहिनी आमच्यापुढं होऊन मोठ्यानं बोलत होती, ‘आता लई फरक हाय, अक्का. दोन दिसात हिंडतेत बघा. व्हय की न्हाई, आत्याबाई?’ भावाचा थोरला पोरगाही म्हणाला, ‘आजी पंचमीपेक्षा बरी दिसायलीय.’ म्हातारी त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती लेकीकडं बघत होती.

‘आलीस?’ ती म्हणाली. ‘तुला कामून कळवलं ह्यांनी?’

‘न्हाई कळवलं. मीच आले.’

‘बस मंग.’ बाई खाटेच्या कडेला बसल्या. म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं. ‘तू लबाड बोलत न्हाईस, मला ठावं हाय. मी जायलेय का गं?’

भाऊ दाराच्या चौकटीला धरून उभा होता आणि मान हलवून बहिणीला ‘नको, नको’ म्हणत होता. मीही मनात तेच म्हणत होते. यंत्राचं वेगळं, माणसाचं वेगळं. इथं तरी खोटं बोला, म्याडम. एवढं एकदा तरी ‘बरं हाय’ म्हणा.

बाईंनी चष्मा काढला. ‘व्हय, माय,’ त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता, पण शब्द सगळे नीट आले. ‘डॉक्टरकडं आता काही न्हाई. मी हितंच हाय. मी जाणार न्हाई.’

वहिनीनं तोंडाला पदर लावला. भाऊ बाहेर निघून गेला. म्हातारीनं डोळे मिटले आणि मला वाटलं, संपलं, ह्या बाईनं आपल्या आईला मारलं.

मग म्हातारीनं डोळे उघडले. तिच्या तोंडावर दिसली तेवढी सुटका मी कुणाच्याच तोंडावर बघितली नाही. ‘बघ,’ ती म्हणाली. ‘घरात एवढी माणसं. रोज विचारायलेय, रोज. एकाच्या तोंडातनं निघंना. मला वाटलं, माझंच डोस्कं फिरलंय. आत तर कळायलंय अन् ह्ये म्हणायलेत, हिंडशील.’ जरा दम घेतला. ‘तुला कळवू नका म्हणले ते उगं न्हाई. तुला इचारलं की खरंच ऐकावं लागलं असतं. भ्याव वाटलं.’

‘आता?’ बाईंनी विचारलं.

‘आता काय? ते कडू औषद उचल हितनं पैले.’

बाईंनी सगळ्या बाटल्या उचलल्या. एक मात्र ठेवली. ‘ही दुखण्याची हाय. ही घ्यायची.’ म्हातारीनं बरं म्हटलं. मग तिला ठेचा पाहिजे झाला. जिभेला लावण्यापुरता लावला आणि मीठ कमी म्हणून सुनेला शिवी दिली. सून रडता रडता हसली. इतके दिवस त्या घरात सगळे एकमेकांपासून तोंड लपवून हिंडत होते, ते एकेक करून खाटेभोवती येऊन बसले. भाऊही आला. मी कोपऱ्यात उभी राहून त्या स्वेटर घातलेल्या बाईकडं बघत होते. मी देवाला मानत नाही. पण हात जोडावेत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

उन्हं कलली तशी म्हातारी म्हणाली, ‘मला वट्यावर न्या. अन् धाकटीला बोलवा.’

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, त्याच गल्लीत दिलेली. बांधावरून भांडण झालं होतं, आणि भाऊ माझ्या कानात म्हणाला की त्याला कळतंय तेव्हापासून दोघींनी एकमेकींच्या दारातलं पाणी प्यायलेलं नाही. पोरगा बोलवायला धावला. आम्ही खाट उचलून ओट्यावर आणली.

बहीण आली ती पदर सावरत, अंगणातच थबकली. खाटेवरचा तो सांगाडा बघून तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मग तिनं कसंबसं स्वतःला सावरलं, जवळ आली आणि सगळे म्हणतात तेच म्हणाली, ‘काय न्हाई व्हत गं, अक्का. बरी होशील तू.’

‘न्हाई होत,’ म्हातारी म्हणाली आणि खाटेवर बाजूला सरकून तिनं बहिणीला जागा करून दिली. ‘म्हनून तर बोलावलंय. बस.’